किसमिसची संध्या

आमच्या घरी नाताळाला किसमिस म्हणत. सण म्हणून नव्हे. आमच्या भाजीपाल्याच्या घरात नाताळ कोण करतो. टीव्हीवरचा भाग म्हणून. अर्धा डिसेंबर सरला की हिंदीत बोलणाऱ्या परदेशी मालिकांमध्ये एकेकाच्या घरी झाड उभं राहायचं, बाहेर बर्फ पडायचा, आणि काकू कुंपणापलीकडून आईला विचारायची, “बाई, किसमिसचा भाग लागला का वं?” हिंदीतलं ‘क्रिसमस’ तिच्या कानात किसमिस होऊनच शिरलं होतं, आणि तिच्या कानात एकदा शिरलेलं बाहेर निघत नसे. त्या दिवशी ती शिरा करायची आणि त्यात मूठभर किसमिस टाकायची. किसमिसच्या दिवशी किसमिस नको का, असं तिचं म्हणणं. आम्हाला शिऱ्याशी मतलब.

काकू म्हणजे बाबांच्या धाकट्या भावाची बायको. माहेर धनजचं, शिक्षण चौथीपर्यंत. वाशीमच्या बाहेर, रेल्वेच्या रुळापलीकडं आमचा भाजीचा मळा आहे. त्यात दोन घरं, मधात शेवग्याचं झाड आणि एक नावापुरतं कुंपण. दुपारी मेथी, पालक, सांबार उपटून आमच्या घरापुढच्या छपरीत आणून टाकायचा. सांबार म्हणजे तुमची कोथिंबीर. मी आजही दुकानात सांबार मागते आणि बाहेरगावचा दुकानदार असला की तो मसाल्याचं पाकीट पुढं करतो. मग पाच वाजता सगळ्यांनी बसायचं आणि जुड्या बांधायच्या, कारण पहाटे माल बाजारात हर्रासीला, म्हणजे लिलावाला, न्यायचा असे. टीव्ही खिडकीत, तोंड छपरीकडं. आई उंबऱ्याजवळ, मी ढिगाजवळ, आणि काकू मधल्या खांबाला टेकून. ती जागा तिचीच. पाहुणा जरी तिथं बसला तरी आई म्हणे, “थोडं सरका, तिथं आमची जाऊ बसते.”

जुड्या बांधताना टीव्ही पाहायची एक रीत असते. नजर पडद्यावर आणि हात मेथीत. हाताला मेथी दिसते. काकूच्या जुड्या तर डोळे मिटून मोजल्या तरी सारख्या भरत. आई चिडून म्हणायची, “हिच्या हाताले तराजू हाय.”

एवढी वर्षं एवढे किसमिसचे भाग पाहिले, की आम्हाला ते पाठ झाले. माल निवडावा तसे आईनं त्यांचे वाण पाडले होते. एक अडकल्याचा भाग. त्यात बाप नाहीतर पोरगा दूरगावी असतो, विमान रद्द होतं, रस्ता बर्फानं बंद होतो, आणि तो कोणाच्या तरी ट्रकमधून, मेंढ्यांबरोबर वगैरे, ऐन जेवणाच्या वेळी पोचतो. दुसरा चिडक्याचा भाग. गावात एक म्हातारा असतो, त्याला सणाचा भारी राग. शेवटी एक लहान पोरगी त्याला काहीतरी फालतू वस्तू देते आणि तो ढसाढसा रडतो. तिसरा दाढीवाल्याचा. दुकानात लाल कपडे घालून बसलेला दाढीवाला खोटाच आहे असं सगळे म्हणतात, मग शेवटी तो अचानक दिसेनासा होतो आणि खुर्चीवर नेमकी तीच वस्तू ठेवलेली असते जी कोणालाच ठाऊक नव्हती. चौथा जळक्या केकचा. केक जळतो, झाड पडतं, लाइट जाते, सगळ्या सणाचा सत्यानाश होतो, आणि मग सगळे म्हणतात, असा सण आजवर झाला नव्हता. पाचवा भांडणाचा. न बोलणारे दोघंजण लिफ्टमध्ये नाहीतर तळघरात कोंडले जातात आणि बाहेर येतात ते गळ्यात गळा घालून. आणि सहावा, आईचा आवडता, रिकाम्या खुर्चीचा. टेबलावर सगळे बसलेत, एक खुर्ची रिकामी. कोणी तिच्याकडं पाहत नाही आणि सगळ्यांचं ध्यान तिच्याकडंच. दार वाजतं. आई हातातली जुडी तशीच धरून बसायची.

आपल्या हिंदी मालिकासुद्धा काही कमी नव्हत्या बरं. त्यांच्यात डिसेंबर लागला की लाल कपड्यातला एक दाढीवाला घरात घुसायचा आणि दाढी काढली की हमखास आत मेलेला नवरा. बाबा जाता जाता सांगून जायचे, “नवरा हाय तो.” आणि नवराच निघायचा.

लाइन तर आमच्याकडं रोजच जायची. भाग ऐन रंगात आला की पडदा काळा. पण आमचा भाग कधी अर्धा राहिला नाही. आई अंधारल्या टीव्हीकडं पाहत उरलेली कथा सांगून टाकायची: आता बाप येते, पोरगं धावते, म्हातारी म्हणते मले माहीत होतं. पुढच्या आठवड्यात तोच भाग पुन्हा लागला की आईचं शब्दन् शब्द खरं निघे. एकदाच तिचं चुकलं होतं, शेवटी एक कुत्रा आला होता. ते तिनं बरीच वर्षं मनाला लावून घेतलं.

आता संध्येचं सांगते.

त्या डबिंगवाल्यांची हिंदी मोठी शुद्ध. प्रत्येक भागात कोणीतरी खिडकीतून बाहेर बघत गंभीर आवाजात म्हणायचंच, “आज क्रिसमस की पूर्वसंध्या है।” आणि ते म्हटलं गेलं की गोष्टीचं चाक फिरायचं. काकूनं त्यातून काय घेतलं, तर संध्या नावाची एक बाई आहे आणि ती किसमिसची आहे. जशी शुक्रवारची जिवती, तशी किसमिसची संध्या. आपल्या कहाण्यांमध्ये कसं, देवी म्हातारीच्या नाहीतर सवाष्णीच्या रूपात दारी येते, लोक तिला ओळखत नाहीत, आणि जो पाणी देतो त्याचं भलं होतं. काकूच्या मते हे तेच होतं, फक्त पाट-रांगोळीच्या जागी टेबल-खुर्ची. त्यामुळं “पूर्वसंध्या है” ऐकलं की ती सावध व्हायची. त्यानंतर जी पहिली बाई दारात येईल, ती संध्या. कधी शेजारीण, कधी नर्स, कधी रस्ता चुकलेली गाडीवाली. “हीच थे,” काकू हळूच म्हणायची. “पाय आता, सारं निपटते.”

आणि खरंच निपटायचं. म्हणून तर कोणाला काही वाटलं नाही. आईला ठाऊक होतं, बाबांना ठाऊक होतं, मलाही शाळेत गेल्यावर कळलं की पूर्वसंध्या म्हणजे आदला दिवस. पण कोणी काकूला सांगितलं नाही. आम्ही उलट विचारायचो, “काकू, संध्या आली का?” आणि ती पूर्ण इमानदारीनं उत्तर द्यायची, “नाई आली अजून. येईन.”

मी नववीत होते. माझ्या तोंडाला तेव्हा लगाम नव्हता, आजही फारसा नाही. उचलली जीभ लावली टाळ्याला. वर्गात पहिली यायचे, त्याचा माज वेगळाच. त्या डिसेंबरात काकूच्या माहेरची माणसं आली होती, तिचा भाऊ, भावजय आणि त्यांची नवी सून, शिकलेली, शहरातली. काकूनं त्यांना छपरीत बसवलं, शिरा दिला, आणि आपल्या खांबाला टेकून बसली. भाग अडकल्याचा होता. काकू त्या नव्या सुनेला मोठ्या हौसेनं समजावून सांगत होती, असं होईल, मग तसं होईल. आणि पडद्यावर ते वाक्य आलं. काकू म्हणाली, “आता पाय सूनबाई, संध्या येते. थे आली की मंग काई चिंता नाई.”

सुनेला कळेना. तिनं विचारलं, “कोण संध्या?”

मी चूप बसायला पाहिजे होतं. मी म्हणाले, “कोणी नाई वो. पूर्वसंध्या म्हणजे आदला दिवस. आमच्या काकूले वाटते संध्या म्हणून बाई हाय. दहा वर्षं झाली, वाट पाहून राह्यली तिची.”

सगळे हसले. भाऊ हसला, भावजय तर तोंडाला पदर लावून हसली. ती नवी सूनही हसली, आणि मीही हसले, कारण मला वाटलं मी मोठा विनोद केला.

काकू हसली नाही आणि रागावलीही नाही. तिच्या हातात अर्धी बांधलेली जुडी होती. ती तिनं पूर्ण बांधली, सुतळीची गाठ मारली, वरचे शेंडे सारखे केले आणि ढिगावर ठेवली. मग उठली. “मले पाणी तापवा लागते,” म्हणाली आणि शेवग्याखालून घरी गेली.

दुसऱ्या दिवसापासून काकूनं आपल्या वाट्याची मेथी आपल्याच अंगणात बांधायला सुरुवात केली. आईनं बोलावलं तर म्हणायची, “इथंच बरं हाय बाई, उजेड चांगला हाय.” बोलणं बंद नव्हतं. सणावाराला येत होती, माझ्या परीक्षेला दही-साखर देत होती. पण टीव्हीसमोर पुन्हा बसली नाही, आणि किसमिसचा शिरा झाला नाही. आईनं मला एकदाच म्हटलं, “पोटातलं पोटात ठेवाले काय जाते वं तुयं?” बस. खांबापाशी कोणी बसत नसे. आम्ही दोघी तिकडं न पाहता जुड्या बांधायचो.

मला काकू परत त्या जागी यायला हवी होती. मला तेव्हा याहून मोठं काही हवंच नव्हतं. पण माफी मागायची कशी हे मला येत नव्हतं. आमच्याकडं माफी मागायची पद्धतच नाही, आमच्याकडं भांडायचं आणि मग चहा प्यायचा. इथं भांडणच झालं नव्हतं. भांडण असतं तर मिटवलं असतं.

म्हणून पुढच्या वर्षी मी भांडणाचा भाग करून पाहिला. हसू नका. मी बाबांना सांगितलं, की मी काकूला लसूण दाखवायला अवजारांच्या खोलीत नेते, तुम्ही बाहेरून कडी लावा आणि अर्ध्या तासानं उघडा. बाबांनी कडी लावली आणि ते पाइप फुटला म्हणून विहिरीकडं गेले, ते गेलेच. भर दुपारची वेळ. मी दार ढकलल्यासारखं केलं आणि म्हणाले, “काकू, अडकलो वं आपण.”

टीव्हीवर या जागी दोघं आधी एकमेकांना दोष देतात, मग थंडी वाजते, मग एकच घोंगडं असतं, मग खरं बोलतात. काकूनं एकदा दाराकडं पाहिलं, एकदा माझ्याकडं पाहिलं. मग लसणाची गाठोडी ओढली आणि खाली बसली. “बसल्या बसल्या पाकळ्या तरी मोकळ्या करू,” म्हणाली. “लावाच्याच हायेत.”

दोन तास आम्ही पाकळ्या मोकळ्या करत बसलो. माझ्या जिभेवर माफीचं वाक्य दहा वेळा आलं आणि दहा वेळा गेलं. एरवी जिथं बोलू नये तिथं भाराभर बोलणारी मी, तिथं मूग गिळून बसले. बाबांनी दार उघडलं तेव्हा काकू पदर झटकून म्हणाली, “बरं झालं, लसणाचं काम निपटलं.” आणि गेली. रात्री आईनं माझ्या लसणाच्या वासाच्या हातांना खोबरेल लावलं.

मग मी शिकायला अमरावतीला गेले, नोकरी लागली, आता किन्हीराजाला शाळेत शिकवते. वर्गात एखाद्या पोराचं चुकलं आणि बाकीचे हसले की माझा आवाज चढतो. पोरांना कळत नाही की बाईंना एवढं काय झालं. टीव्ही तर आता मोबाइलातच आला. डिसेंबरात मी एकटी खोलीवर बसून ते भाग पाहते. तेच आहेत अजून. फक्त विमान रद्द झालं की माणूस आता फोनवर दिसतो आणि मग फोनची बॅटरी संपते. मी काय होणार ते मोठ्यानं सांगते. ऐकायला कोणी नसतं.

गेल्या डिसेंबरात काकूच्या डोळ्याचं ऑपरेशन झालं. मी सुट्टीला आले तेव्हा ती आपल्या अंगणात खाटेवर उन्हात बसली होती, काळा चष्मा लावून. वाकायचं नाही, धुरात जायचं नाही, टीव्ही-मोबाइल पाहायचा नाही, असं डॉक्टरांनी बजावलं होतं. दुसऱ्या डोळ्यानं आधीच कमी दिसत होतं. काका बाजारात गेले होते. ती हातानं खाटेची नवार चाचपत होती. कामाविना तिचे हात मी पहिल्यांदा पाहिले.

“बसून बसून जीव आंबला माया,” ती म्हणाली. “तुया मोबाइलात काई लागते का? पाहू तर देत नाई थो डॉक्टर. आवाज तर ऐकू दे.”

मी लावला. डिसेंबर होता, जो लागायचा तोच लागला. मी तिच्या शेजारी बसले आणि पडद्यावर काय आहे ते सांगत गेले. बर्फ पडून राह्यला, काकू. टेबल मांडलं. चार खुर्च्या. तीन माणसं.

“रिकाम्या खुर्चीचा हाय,” काकू म्हणाली.

“हो.”

आणि मग मोबाइलातून तो आवाज आला, तसाच गंभीर, तसाच खिडकीपाशी उभा असल्यासारखा. आज क्रिसमस की पूर्वसंध्या है।

काकूचा हात नवारीवर थांबला. शेवग्यावर पक्षी ओरडत होते, ते मला एकदम ऐकू यायला लागले. मी बंद करणार होते. मग पडद्यावर दार वाजलं आणि मी बोलून गेले, “काकू, संध्या आली.”

काळ्या चष्म्यामागं काय चाललं होतं ते मला दिसत नव्हतं. मग तिनं विचारलं, “कशी हाय दिसाले?”

पडद्यावर एक बसची ड्रायव्हरीण होती, उंच, सोनेरी केसांची, लाल टोपीतली. मी सांगायला लागले, “उंच हाय, गोरी...”

“नाई,” काकू म्हणाली. “तशी नाई थे. म्या पाह्यली हाय. ठेंगणी हाय. केसं विंचरत नाई. हात हिरवे राह्यतेत मेथीनं. तोंडाची लय फटकळ हाय, समोरच्याले काय वाटते पाहत नाई.” तिचा हात नवारीवर पुन्हा फिरायला लागला. “अन् येते उशिरा. पण येते.”

मी रडले. नववीत जे रडायला पाहिजे होतं ते सगळं त्या खाटेवर बसून रडले. म्हणाले, “काकू, माह्यं चुकलं वं. तुह्या माहेरच्या माणसासमोर म्या...”

“कवाचं काय घेऊन बसली,” काकू म्हणाली. “आदला दिवस तर आदला दिवस. मले त्याचं काई नाई. तू हसली, थे लागलं मले. बाकीच्याईचं सोड, तुले म्या शिकोलं होतं जुडी बांधाले.”

तिनं माझ्या डोक्यावर हात ठेवला, तिथून तो केसांवरून खाली आला, आणि ती म्हणाली, “पाय, विंचरलेच नाईत.”

मोबाइलातल्या भागाचं पुढं काय झालं ते आम्ही पाहिलं नाही. आमचा तो तसाही पाठ होता. मी तिच्या घरात जाऊन शिरा केला. डब्यात किसमिस होती की नव्हती विचारू नका, नव्हती, मी आईकडून मागून आणली. रवा खालून लागला. काकूनं पहिला घास घेतला आणि म्हणाली, “जळक्या केकचा भाग झाला हा.” पण सगळा खाल्ला.

पाच वाजायला आले होते. आमच्या छपरीत मेथी पडल्याचा आवाज आला. बाबा गाठोडं टाकतात तेव्हा असा धप्प आवाज होतो. काकूनं मान वळवली. “हात दे,” म्हणाली. मी हात दिला. शेवग्याखालून आम्ही हळूहळू आलो. कुंपणापाशी मी म्हणाले, “पाय उचल काकू,” तर ती म्हणाली, “मले माहीत हाय वं कुंपण.”

आई उंबऱ्याजवळ बसली होती. तिनं आम्हाला येताना पाहिलं आणि लगेच मान खाली घालून मेथी सारखी करायला लागली. टीव्ही बंदच होता, आजकाल कोणी लावत नाही. काकूनं हातानं खांब चाचपला, पाठ टेकवली आणि पाय लांब केले. चष्मा नीट केला. मी मांडीवर मेथी दिली तर तिनं मूठभर घेऊन हातात तोलली आणि दोन काड्या परत टाकल्या.

“आज कोणता भाग हाय बाई?” तिनं विचारलं.

आईनं काळ्या पडद्याकडं पाहिलं. मग म्हणाली, “रिकाम्या खुर्चीचा.”

“मंग सुतळी दे,” काकू म्हणाली.